सूर्यफुलाच्या नव्या वाणांसाठी जनुकीय चिन्हकांचा आधार

देशाला लागणाऱ्या सूर्यफूल तेलाचा बहुतांश भाग रशिया, युक्रेन आणि अर्जेंटिना येथून आयात होतो. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी देशात २० लाख हेक्टरहून अधिक क्षेत्रावर असलेले हे पीक आता त्याच्या अल्पशा भागापुरते उरले आहे. बाजारभावाइतकेच रोगांनीही शेतकऱ्यांना या पिकापासून दूर नेले. त्यामुळे रोगांना तोंड देणारे वाण लवकर तयार करण्याच्या पद्धतीला महत्त्व आले आहे.

केवडा हा असाच एक रोग. बाधित रोप खुजे राहते, पाने फिकट पडतात आणि फुलात दाणे भरत नाहीत. भारतात तो १९८०च्या दशकाच्या मध्यास प्रथम मराठवाड्यात आढळला. लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्राने त्यावर रोगप्रतिकारक्षम संकरित वाण विकसित केले. मात्र या रोगाचा कारक नवनवी रूपे धारण करतो आणि एकाच जनुकावर अवलंबून असलेला प्रतिकार कालांतराने निष्प्रभ ठरू शकतो.

यावर उपाय म्हणजे एकाच रोपात दोन-तीन प्रतिकारक जनुके एकत्र आणणे. अडचण अशी की, एक जनुक असलेले रोप आणि दोन असलेले रोप, दोन्ही सारखीच निरोगी दिसतात. डोळ्यांना न दिसणारा हा फरक जनुकीय चिन्हक दाखवतो.

चिन्हक म्हणजे हव्या त्या जनुकाच्या अगदी जवळ असलेला डीएनएचा ओळखता येणारा तुकडा. जवळ असल्यामुळे दोन्ही बहुधा एकत्रच पुढील पिढीत जातात. कोवळ्या रोपाच्या पानाचा लहानसा तुकडा तपासून जनुक आले की नाही, हे समजते. अंतर जास्त असल्यास मात्र दोघांची फारकत होऊन निवड चुकू शकते.

संकरित बियाण्यासाठी लागणाऱ्या पितृवाणांच्या निवडीतही याचा उपयोग होतो. परागनिर्मितीची क्षमता परत आणणारे जनुक रोपात आहे का, हे जाणण्यासाठी एरवी नर-वंध्य वाणाशी संकर करून पुढील हंगामातील फुलांची वाट पाहावी लागते.

सूर्यफुलाच्या १७ गुणसूत्र-जोड्यांवरील सुमारे ३.६ अब्ज अक्षरांच्या जनुकसंचाचा आराखडा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून चिन्हकांचा शोध सुकर झाला आहे. या पद्धतीत बाहेरचे जनुक प्रयोगशाळेत रोपात घातले जात नाही. नेहमीच्या संकरातून आलेल्या रोपांची केवळ निवड होते.

तरीही मर्यादा आहेत. उत्पादन आणि अवर्षण-सहनशीलता हे गुण अनेक जनुकांवर अवलंबून असल्याने तेथे एक-दोन चिन्हक पुरत नाहीत. ज्या रोगाला प्रतिकार करणारे जनुकच हाती लागलेले नाही, तेथे चिन्हकही निरुपयोगी ठरतो. शिवाय निवडलेल्या वाणाला अनेक ठिकाणच्या शेतांत, अनेक हंगाम कस लावावाच लागतो. चिन्हकांमुळे निवडीचा काळ कमी होतो. अंतिम कौल मात्र शेतातील पिकाचाच असतो.