माळ राहिला तर माळढोक राहील

करकंब म्हटले की आपल्या जिल्ह्यातील माणसाला आधी बाजार आमटी आठवते. मग पंढरपूर-टेंभुर्णीचा रस्ता, दुतर्फा ऊस, बागा आणि पाण्याचे पाट आठवतात. पण करकंबचा माळ कुणाला आठवतो का? नाही आठवत. माळ म्हणजे काहीच नसलेली जागा, अशी आपली समजूत आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तिची नोंद 'पडीक' अशी होते आणि बोलतानाही आपण "ती जमीन नुसती पडून आहे" असे म्हणतो. आजच्या या भाषणात मला त्या पडून असलेल्या जमिनीविषयी आणि तिच्यावर राहणाऱ्या एका पाहुण्याविषयी बोलायचे आहे. पाहुणा म्हणणेही खरे तर चुकीचे आहे. तो इथला मूळचा रहिवासी आहे. आपणच मागाहून आलो.

या पक्ष्याचे नाव माळढोक. नर उभा राहिला म्हणजे त्याची उंची मीटरभर भरते, आणि वजन पंधरा किलोपर्यंत जाते. जगातल्या उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. अंगावर तपकिरी रंग, मान पांढरट, डोक्यावर काळी टोपी. वाळलेल्या गवतात तो निश्चल उभा राहिला की पन्नास पावलांवरूनही दिसू नये. विणीच्या काळात नर मान फुगवून, शेपटी उभारून मादीपुढे मिरवतो आणि "हूम्" असा खोल घुमणारा आवाज काढतो. त्या आवाजावरून काही भागांत लोक त्याला हूम असेच म्हणतात.

आता तो खातो काय, हे पाहू. टोळ, नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, भुईमुगाच्या शेंगा, ज्वारीचे दाणे. म्हणजे आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या शिवारात जे असते तेच. पूर्वी माळ आणि शाळूचे रान शेजारी शेजारी असे. पक्षी सकाळी माळावर, तर कधी शेतात. टोळ वेचून खाणारा हा पक्षी शेतकऱ्याचा शत्रू कधीच नव्हता. अवर्षणाच्या या प्रदेशात, जिथे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी देवाची कृपा समजायची, तिथे माणूस, मेंढी, काळवीट, लांडगा आणि माळढोक अशी पाच जणांची एक जुनी वस्ती होती. भांडणे होतीच, पण वस्ती मोडत नव्हती.

मग ती मोडली कशी? पहिले कारण बंदूक. मोठा पक्षी, भरपूर मांस आणि उघड्या माळावरचे सोपे लक्ष्य. जीप आली तशी ही शिकार फारच सोपी झाली. पण केवळ बंदुकीने गोष्ट संपली असती, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती आवरली असती. या कायद्याने माळढोकाची शिकार बंद केली. तरीही पक्षी कमीच होत गेला. तेव्हा खरे कारण निराळे असले पाहिजे.

ते कारण समजण्यासाठी त्याच्या अंड्याकडे पाहिले पाहिजे. कोंबडी पाठोपाठ अंडी घालते, तितर-लाव्हे आठ-दहा पिलांचा संसार मांडतात. माळढोकाची मादी मात्र बहुधा एका विणीत एकच अंडे घालते, आणि तेही घरटे न बांधता उघड्या जमिनीवर. आपल्याकडे हा काळ पावसाळ्याचा. चारएक आठवडे ती ते अंडे उबवते. त्या काळात कुत्रे आले, नांगर फिरला, मेंढरांचा कळप वरून गेला, कुणी कुतूहलाने अंडे उचलले, की त्या वर्षाची सगळी कमाई बुडाली. ज्याच्या घरात वर्षाला एकच रुपया येतो, त्याने खर्च जपून करावा लागतो. माळढोकाच्या घरातून मात्र आपण दोन-दोन रुपये काढून घेत राहिलो.

सोलापूरकरांना या बाबतीत थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. सोलापूर-बार्शी रस्त्यावर सोलापूरपासून सुमारे वीस किलोमीटरांवर नान्नज हे गाव आहे. करकंबहून पक्षी उडतो तशी सरळ रेघ पूर्वेकडे ओढली, तर पन्नास-साठ किलोमीटर. तिथल्या माळावर माळढोक आहेत, ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या आरंभी बी. एस. कुलकर्णी या शिक्षकांनी पुढे आणली. मोठ्या शहरातल्या संस्थेने नव्हे, माळावर हिंडणाऱ्या एका मास्तरांनी. पुढे १९७९ साली सरकारने माळढोक अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र किती? सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर! सोलापूर जिल्ह्यातील उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील काही तालुके त्यात आले. करकंबच्या उत्तरेला माढा तालुका आहे. म्हणजे अभयारण्य करकंबच्या उंबरठ्यापर्यंत आले होते.

पण कागदावरचे हे क्षेत्र आणि पक्ष्याच्या उपयोगाचा माळ यांत फार अंतर होते. त्या साडेआठ हजारांत गावे होती, बाजारपेठा होत्या, रस्ते होते आणि बहुतेक जमीन खाजगी शेतकऱ्यांची होती. जमिनीच्या व्यवहाराला अडचणी आल्या, विहीर-घर-रस्ता प्रत्येक गोष्टीत अभयारण्याचा प्रश्न निघू लागला. शेतकरी म्हणू लागला, "हा पक्षी माझ्या जमिनीवर बसला की जमीन माझी राहत नाही." हा राग खोटा नव्हता. पुढे अभयारण्याचे क्षेत्र कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. पण मधल्या तीन दशकांत एक गोष्ट बिघडून गेली होती. ज्याच्या शेताच्या बांधावर पक्षी उतरायचा, त्याच माणसाच्या मनातून तो उतरला होता. कायद्याने क्षेत्र आखता येते, पण माया आखता येत नाही.

दुसरीकडे जिल्हा बदलत होता. १९८० च्या सुमारास भीमेवर उजनी धरण पूर्ण झाले. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, खडी फोडून दिवस काढले आहेत, त्यांना "पाणी घेऊ नका" असे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. मी तरी सांगणार नाही. त्याच उजनीच्या फुगवट्यावर आज हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि लोक नावा करून ते पाहायला जातात. पाण्याने एकाला घर दिले. पण माळाच्या पक्ष्याला पाण्यावर राहता येत नाही. शाळू आणि करडईच्या रानात तो चरत होता. माणसाच्या डोक्याहून उंच उसात तो पाऊलही घालू शकत नाही. त्याला दूरवर नजर पोचेल असे मोकळे रान लागते.

बरे, जो माळ उरला त्याचे काय केले? चांगल्या हेतूनेच नुकसान केले! उघडा माळ पाहिला की आपल्याला वाटते, इथे झाडे लावावीत. गिरिपुष्पासारखी भराभर वाढणारी झाडे माळांवर लावली गेली. झाड लावणे पुण्याचे, हे आपण शाळेपासून शिकलो. पण माळ हे उजाड झालेले जंगल नव्हे. पवना, मारवेल, कुसळी ही गवते तिथे हजारो वर्षे नांदत आहेत. त्यांची मुळे माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी मुरवतात, मेंढरांना चारा देतात. तिथे दाट झाडी केली की गवत जाते, गवताबरोबर टोळ जातो आणि टोळाबरोबर माळढोक जातो. तळ्यात माती भरून तिथे बाग केली, तर मासा आपले आभार मानील काय?

आणखी एक नवे संकट विजेच्या तारांचे आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. आजूबाजूचे त्याला छान दिसते, पण नेमके समोरचे फार थोडे दिसते. अंग जड असल्यामुळे आयत्या वेळी वळताही येत नाही. तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. राजस्थानच्या थर भागात अशा तारांना धडकून वर्षाला सुमारे अठरा माळढोक मरत असावेत, असा अंदाज भारतीय वन्यजीव संस्थेने केला होता. ज्या पक्ष्याची सगळ्या जगातली संख्याच दीडशेच्या आसपास, त्यातले अठरा! हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ साली न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ साली तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण सूर्यापासून मिळणारी वीजही देशाला हवी आहे. इथेही दोन्ही बाजूंना खरेपणा आहे.

आज स्थिती अशी आहे, की उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत. आपल्या नान्नजला अलीकडच्या वर्षांत एखादा पक्षी दिसला तर दिसला. २०११ पासून जागतिक यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे. यानंतरची पायरी कोणती, हे आपण चित्त्याच्या बाबतीत पाहिले आहे. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत. १९५२ साली भारतातून चित्ता संपल्याचे जाहीर झाले. २०२२ साली आफ्रिकेतून चित्ते आणावे लागले, तेही विमानाने! चित्त्याचे भाऊबंद आफ्रिकेत होते म्हणून ते तरी जमले. माळढोक कुठून आणणार? तो या उपखंडाबाहेर कुठेच नाही.

तुम्ही म्हणाल, मग आता काही आशा आहे की नाही? आहे. जैसलमेरजवळ सम येथे २०१९ पासून माळढोकांचे प्रजनन केंद्र चालू आहे. रानातली काही अंडी आणून यंत्रात उबवतात, पिले हाताने वाढवतात. अंडे लवकर गेले तर मादी त्याच हंगामात पुन्हा अंडे घालू शकते, त्यामुळे रानाचेही फारसे नुकसान होत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्मले. २०२५ पर्यंत या केंद्रांतल्या पक्ष्यांची संख्या साठाच्या वर गेली. शास्त्रज्ञांच्या कष्टांना खरोखर नमस्कार केला पाहिजे.

पण इथेच आपल्या कामाची गोष्ट येते. यंत्रात अंडे उबवता येते, माळ उबवता येत नाही. उद्या हे पक्षी मोकळे सोडायचे झाले, तर ते कुठे सोडायचे? "सोलापूर जिल्ह्यात या, आमच्याकडे जागा आहे," असे आपण म्हणू शकू काय? आज शिल्लक असलेले गायरान, गावचा माळ, ओढ्याकाठची कुरणे आपण राखली, तरच तसे म्हणता येईल. आणि माळढोक परत येईपर्यंत ही जागा रिकामी राहणार नाही. तिथे काळवीट आहे, खोकड आहे, लांडगा आहे, धाविक आणि चंडोल आहेत, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या ससाणे आहेत. या सगळ्यांचा संसार त्याच गवतावर चालतो.

राखायचे म्हणजे काय करायचे? करकंबसारख्या गावाला जमतील अशाच चार गोष्टी सांगतो. पहिली, गायरानाला पडीक म्हणू नका. ग्रामसभेत त्याची नोंद, त्याची हद्द आणि त्यावरचे अतिक्रमण यांची चौकशी करा. दुसरी, गवताळ माळावर झाडे लावण्याचा कार्यक्रम आला तर ती झाडे गावठाणात, रस्त्याकडेला, बांधावर लावा. माळावर बोर, बाभूळ, हिवर जशी तुरळक आहेत तशीच असू द्या. तिसरी, पाळीपाळीने चराई. माळाचा एक भाग पावसाळ्यात मोकळा ठेवला आणि दिवाळीनंतर गवत कापले, तर जमिनीवर अंडी घालणारे पक्षी वाचतात आणि चाराही अधिक मिळतो. चौथी, मोकाट कुत्री आणि माळाला लावलेली आग यांना आवर घाला. लांडग्याने मेंढरू नेले तर विष घालू नका. वनखात्याकडे पंचनामा करून भरपाई मागा, तो धनगरबांधवांचा हक्क आहे.

यात एकही गोष्ट केवळ पक्ष्यासाठी नाही. चारा आपल्या जनावरांचा, मुरलेले पाणी आपल्या विहिरीचे, धरलेली माती आपल्या शिवाराची. माळढोक फक्त त्या सगळ्याचा पहारेकरी आहे. तो दिसला, तर समजावे की माळ धड आहे.

पुढच्या वेळी करकंबच्या बाजाराला जाल, आमटी-भाकरी खाल, तेव्हा परतताना गावाबाहेर क्षणभर थांबा. उसाच्या पलीकडे कुठेतरी कुसळीचा एखादा पट्टा वाऱ्यावर हलताना दिसेल. शेजारी लहान मूल असेल, तर त्याला तो दाखवा. "इथे काही नाही" असे मात्र त्याला सांगू नका.