वरच्या घरचे पाणी

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून येथील कोहळी समाजाने उतारावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी मातीच्या पाळी घालून अडवले आणि त्याच्या बळावर धानाची शेती फुलवली. तलावाच्या खाली धानाच्या बांध्या जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे उतरत गेलेल्या दिसतात. वरची बांधी भरली, की पाणी खालच्या बांधीत उतरते आणि तेथून आणखी खाली जाते. वरच्या शेतकऱ्याने पाणी अडवून धरले, तर खालच्याचे रोप सुकते; एकदम सोडले, तर खालच्याचे रोप वाहून जाते. म्हणून पाण्याला वाट करून देताना खालच्या शेतकऱ्याचा विचार वरच्याला नेहमीच करावा लागतो. पाणी खालीच जाणार, हा सृष्टीचा नियम आहे. ते कसे जावे, हे मात्र वरच्याच्या हाती असते.

हाच नियम आता शहरातील घरांनाही लागू झाला आहे. पूर्वी भंडारा, तुमसर, साकोली येथील घरे जमिनीवर पसरलेली असत. सकाळी अंगण झाडावे, सडा घालावा, ते पाणी आपल्याच अंगणातील मातीत मुरावे, अशी रीत होती. आज याच गावांत तीन-तीन, चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. अंगणाची जागा सज्जाने घेतली. या सज्जाला बोलताना कोणी गॅलरी म्हणतात, कोणी बाल्कनी. सज्जाची लादी धुताना पाणी मुरायला माती नसते. एका घराची जमीन हे दुसऱ्या घराचे छत असते. म्हणून सज्जा स्वच्छ करणे हे काम लहान असले, तरी ते विचारपूर्वक करावे लागते.

हा प्रश्न आजचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरांच्या बांधणीविषयी नियम दिले आहेत. आपल्या पाण्याने दुसऱ्याच्या भिंतीला अपाय करणाऱ्यास बारा पण दंड, आणि तो अपाय मलमूत्राने झाला, तर दुप्पट दंड, असे तेथे सांगितले आहे. प्राचीन रोममध्येही उंच इमारती होत्या. वरून काही ओतल्यामुळे किंवा फेकल्यामुळे वाटसरूचे नुकसान झाले, तर त्या घरात राहणाऱ्याने दुप्पट भरपाई द्यावी, असा नियम इ. स. ५३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोमन कायद्याच्या संग्रहात आढळतो. पाणी घरातील कोणीही ओतलेले असो, जबाबदारी घरधन्याची. कारण लोकांना रस्त्याने निर्भयपणे जाता आले पाहिजे. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात तर एके काळी लोक ‘गार्डीलू!’ अशी आरोळी ठोकून खिडकीतून सांडपाणी रस्त्यावर फेकीत. आरोळी ऐकून खालच्याने पळावे, ही तेथील रीत! पाणी फेकणारा मोकळा आणि वाटसरू मात्र जिवाच्या भीतीने पळणारा, असा तो उलटा न्याय होता.

आता सज्जावर काय काय साचते, ते पाहू. रस्त्याची धूळ तर असतेच. धानाची मळणी सुरू झाली, की भुशाचे बारीक कण वाऱ्याबरोबर येतात. कुंड्यांतील माती, वाळलेली पाने आणि कबुतरांची विष्ठा यांची त्यात भर पडते. एवढा केर पाहिला, की बादलीभर पाणी ओतून सारे एकदम वाहून टाकावे, असा मोह होतो. येथे थोडे गणित करावे. एका चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. सज्जा तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असेल, तर त्याचे क्षेत्रफळ पावणेचार चौरस मीटर होते. त्यावर पंधरा लिटरांची बादली ओतली, तर चार मिलिमीटर पाणी उभे राहते. सज्जाचा उतार जरासा चुकलेला असेल किंवा पाणी जाण्याचे भोक पानांनी बुजलेले असेल, तर हे सारे गढूळ पाणी कठड्याखालून थेट खालच्या घरी उतरते. तेच काम ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने अर्ध्या बादलीत होते आणि खाली एक थेंबही जात नाही.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम कठड्यावर ठेवलेल्या कुंड्या उतरवून आत घ्याव्यात. तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे सुमारे नऊ मीटर उंचीवरून, कुंडी निसटली, तर जमिनीवर पोहोचेपर्यंत तिचा वेग ताशी जवळजवळ ४८ किलोमीटर होतो. खाली खेळणाऱ्या मुलाला बाजूला व्हायला दीड सेकंदही मिळत नाही. नंतर वर्तमानपत्राचे ओलसर तुकडे लादीवर पसरावेत. त्यांना धूळ चिकटते आणि ती हवेत उडत नाही. मग मऊ झाडूने कठड्याकडून दाराकडे झाडीत यावे. बाहेरच्या दिशेने झाडले, तर केर खालच्या घरी जातो. तो सुपलीत भरून केराच्या डब्यात टाकावा. कबुतरांची विष्ठा कोरडी खरवडू नये. तिची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. नाकातोंडावर कापड बांधावे, विष्ठेवर थोडे पाणी शिंपडून ती भिजू द्यावी आणि मग पुसून घ्यावी. डाग काढण्यासाठी तेजाब वापरणे हे तर दुहेरी नुकसान आहे. ते सिमेंटला खाते आणि खाली ठिबकले, तर दुसऱ्याची झाडे, कपडे आणि कातडी यांना पोळते. शेवटी लादी ओल्या फडक्याने पुसून पाण्याचे भोक मोकळे आहे ना, हे पाहावे.

पाणी लादीच्या भेगांत वारंवार मुरू लागले, तर इमारतीलाही धोका असतो. काँक्रीटच्या आत लोखंडी सळया असतात. ओल पोहोचली, की त्या गंजतात. गंजाला मूळ लोखंडाहून अधिक जागा लागते. त्यामुळे आतून दाब पडून काँक्रीट तडकते आणि खालच्या घराच्या छताचे पोपडे सुटू लागतात. वरच्याची निष्काळजी बादली अशा रीतीने खालच्याच्या डोक्यावर येते.

पाण्याप्रमाणेच आवाजही खाली जातो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. काँक्रीटमधून त्याचा वेग याच्या साधारण दहापट असतो. हवेतून आलेला आवाज बंद खिडकी पुष्कळसा अडवते, परंतु लादीवर बसलेला धक्का भिंती आणि खांब यांतून घरभर पोहोचतो. लोखंडी बादली आपटणे, खाट फरफटत ओढणे, ओला पाट झटकन उलटा करणे, यांचा आवाज वरच्या घरात किरकोळ वाटतो; खाली मात्र तो डोक्यावर घाव घातल्यासारखा ऐकू येतो. म्हणून सामान ओढू नये, दोघांनी उचलावे. खाटेच्या पायांना रबरी टोपणे लावावीत. बादलीखाली जाड कापड ठेवावे. आपल्या देशात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा हा रात्रीचा काळ मानला जातो आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ठरवली आहे. सहा वाजता कायद्याची रात्र संपते; तथापि भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात, पारा ४० अंशांच्या पुढे गेलेला असताना, उकाड्याने रात्रभर तळमळलेल्या माणसाला पहाटेच डोळा लागलेला असतो. त्याची वेळ घड्याळात नसून आपल्या विवेकात असते.

खालच्या घरात कोण राहते, हे वरच्याला ठाऊक असावे. तेथे रात्रपाळी करून आलेला कामगार झोपला असेल, पाळण्यात तान्हे मूल असेल, अंथरुणाला खिळलेले आजोबा असतील. सज्जाच्या दोरीवर वाळत असलेला गणवेश हा एखाद्या मुलाचा एकुलता एक गणवेश असेल. त्यावर गढूळ पाणी सांडले, तर उद्या तो शाळेत कसा जाणार? वैशाख महिन्यात तेथे पापड आणि कुरड्या वाळत घातलेल्या असतात. आठवडाभराची ती मेहनत एका तांब्याने मातीमोल होऊ शकते. दार ठोठावून, ‘काकू, आज सज्जा धुणार आहे, वाळवण आत घेता का?’ एवढे विचारायला एक मिनिट लागते. त्याहून चांगला उपाय म्हणजे इमारतीतील सर्वांनी मिळून एक दिवस ठरवणे. त्या दिवशी सर्वांत वरच्या घराने प्रथम सज्जा धुवावा, मग त्याखालच्याने, आणि शेवटी तळमजल्याने. असे केले, की चुकून चार थेंब खाली पडले, तरी ते अजून न धुतलेल्या लादीवर पडतात. आणि काळजी घेऊनही पाणी सांडलेच, तर तक्रारीची वाट न पाहता स्वतः फडके घेऊन खाली जावे.

विदर्भात १८७६ साली जन्मलेले आणि १९५६ साली निधन पावलेले संत गाडगेबाबा हाती झाडू घेऊन गावोगाव हिंडत. ज्या गावी जात, त्या गावाचे रस्ते आधी झाडून काढीत आणि मग रात्री कीर्तन करीत. जे अंगण आपले नाही, तेही त्यांनी आपले मानले. ज्याला एवढे मोठे काम साधणार नाही, त्याला आपला केर शेजाऱ्याच्या दारी जाऊ न देणे तरी सहज साधेल. सज्जा धुऊन झाल्यावर आपली लादी चकचकीत झाली का, हे पाहताना एकदा कठड्यावरून खालीही पाहावे. खालचा सज्जा कोरडा असेल आणि खालचे मूल अजून झोपलेले असेल, तर काम चांगले झाले असे समजावे.

स्वाध्याय

१. वरच्या बांधीच्या शेतकऱ्याने खालच्या शेतकऱ्याचा विचार का करावा लागतो?
२. प्राचीन रोममधील नियम आणि एडिंबरा येथील रीत यांत कोणता फरक होता?
३. तुमच्या घराच्या सज्जाचे किंवा ओसरीचे क्षेत्रफळ काढा. त्यावर पंधरा लिटर पाणी ओतले, तर किती जाडीचा थर होईल?
४. तुमच्या घराच्या कोणत्या कामांचा शेजाऱ्यांना त्रास होऊ शकतो? तो टाळण्याचे उपाय लिहा.