जबडा कुठे संपतो?

अमेरिकेत तळ्याकाठी गळ टाकून बसलेल्या माणसाला "काय लागलं?" असं विचारलं आणि तो नुसतं "बास" म्हणाला, तर त्यातून फारसं काही कळत नाही. न्यू जर्सीपुरतं बोलायचं तरी या एका नावाखाली निदान चार-पाच मासे खपतात. त्यांची कुळं वेगळी, राहण्याच्या जागा वेगळ्या आणि घरी कुठला न्यायचा, परत कुठला सोडायचा याचे कायदेही वेगळे. एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर या पट्ट्यातली मराठी कुटुंबं उन्हाळ्यात मर्सर काउंटी पार्कमध्ये जातात, तिथल्या मोठ्या तळ्यावर हे नाव कानावर पडतं आणि मुलाला हौस येते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजोबांनी लहानपणी खाडीत गरवलेलं असतं, त्यामुळे तेही उत्साहानं उठतात. मग सगळे खेळाच्या दुकानात शिरतात आणि आमिषांनी भरलेल्या त्या लांबलचक भिंतीपुढे उभे राहून गोंधळतात. माझं म्हणणं इतकंच आहे, की दुकानात जाण्याआधी मासा ओळखायला शिका. आमिष कोणाच्या तोंडात जायचं आहे हे कळलं, की खरेदीची यादी एका पिशवीत मावते.

सुरुवातीलाच दोन गैरसमज बाजूला करू. भारतीय हॉटेलांत 'बासा' म्हणून येतो तो व्हिएतनामकडचा मांजरमासा, त्याचा बासशी संबंध नाही. आणि रायगडच्या खाड्यांतला आपला जिताडा इंग्रजीत 'एशियन सी-बास' होतो खरा, पण तोही वेगळ्या कुळातला. अमेरिकेच्या गोड्या पाण्यातले खरे मानकरी दोन, लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ. गंमत म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनं हे दोघेही 'सनफिश' घराण्यातले, म्हणजे तळ्यात मुलांना हमखास लागणाऱ्या तळहाताएवढ्या ब्लूगिलचे मोठे भाऊ.

आपल्याकडे माशाची पारख म्हणजे ताजेपणाची पारख. कल्ले उचलून लाली बघायची, अंगठ्यानं दाबायचं, डोळा खोल गेलाय का ते बघायचं. इथे नजर मिटलेल्या तोंडाच्या कोपऱ्यावर न्यायची. माशाचं तोंड अलगद मिटवा आणि वरचा जबडा मागे कुठवर जातो ते पाहा. डोळ्याच्या मागच्या कडेच्याही पलीकडे गेला तर लार्जमाउथ. डोळ्याखालीच, साधारण मध्यावर थांबला तर स्मॉलमाउथ. बहुतेक वेळा एवढ्यावर निकाल लागतो.

बहुतेक वेळा म्हणतोय, कारण पिल्लांमध्ये ही खूण फसवते. वीतभर लांबीच्या लार्जमाउथचा जबडा अजून पुरता वाढलेला नसतो. तेव्हा पाठीवरचा पर उघडून बघायचा. त्याचा पुढचा भाग काटेरी आणि मागचा मऊ असतो. लार्जमाउथमध्ये या दोन भागांच्या मधे इतकी खोल खाच असते, की ते दोन वेगळे परच वाटतात. स्मॉलमाउथमध्ये खाच उथळ असते आणि पर सलग दिसतो.

रंगावर मात्र भिस्त ठेवू नका. पुस्तकातला लार्जमाउथ हिरवट, बगलेवरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेला काळपट पट्टा असलेला. पुस्तकातला स्मॉलमाउथ कांस्याच्या रंगाचा, अंगावर उभे पट्टे, डोळ्यात बरेचदा लाली. प्रत्यक्षात गढूळ पाण्यातला लार्जमाउथ इतका फिकट पडतो की पट्टा शोधावा लागतो, आणि स्मॉलमाउथचे उभे पट्टे तर मासा हातात असतानाच गडद-फिके होतात. दक्षिणेकडच्या राज्यांत 'स्पॉटेड बास' नावाचा तिसरा भाऊ आहे, तो लार्जमाउथसारखा दिसून फसवतो. त्याचा जबडा डोळ्याच्या पलीकडे जात नाही, पोटाकडच्या बाजूला ठिपक्यांच्या ओळी असतात आणि जिभेवर बोट फिरवलं तर खरखरीत चकती लागते.

'रॉक बास' हा लहान, लाल डोळ्यांचा मासा गुदपराचे काटे मोजून ओळखतात. लार्जमाउथ-स्मॉलमाउथला तिथे तीन काटे, रॉक बासला पाच-सहा. अंग चंदेरी आणि त्यावर शेपटीकडे धावणाऱ्या आडव्या काळ्या रेघा असतील, तर तुमच्या हातात निराळ्याच कुळातला मासा आहे. डेलावेअर नदीच्या भरतीच्या पाण्यात समुद्रातून वर चढणारा 'स्ट्राइप्ड बास' असा असतो. त्याचे हंगाम आणि लांबीचे नियम पूर्ण वेगळे, शिवाय ते सारखे बदलतात. 'बासच आहे की' म्हणून तो पिशवीत टाकला, तर दंड भरावा लागतो.

ओळखण्यात नवख्याची चूक झाली तर वाईट वाटून घेऊ नये. 1802 मध्ये फ्रान्सच्या लासेपेदनं या माशांच्या प्रजातीचं बारसं केलं, तेव्हा त्याच्यापुढच्या नमुन्याच्या पाठीवरचा पर मोडलेला होता. मागचा सुटलेला तुकडा त्याला स्वतंत्र छोटा पर वाटला आणि 'लहान पराचा' अशा अर्थाचं 'मायक्रॉप्टेरस' हे नाव त्यानं देऊन टाकलं. दोनशे वर्षं झाली, नाव तेच आहे. स्मॉलमाउथच्या शास्त्रीय नावात 'डोलोमिएउ' हा भूगर्भशास्त्रज्ञही कायमचा येऊन बसला आहे, ज्याच्या नावानं डोलोमाइट खडक ओळखला जातो.

आज इथल्या प्रत्येक पाण्यात हे मासे दिसतात म्हणून ते इथलेच असं समजू नका. त्यांचं मूळ घर मिसिसिपीचं खोरं, पंचमहासरोवरं आणि आग्नेयेकडची राज्यं. पूर्वेच्या नद्यांत माणसांनी ते आणून सोडले. 1854 मध्ये श्रायव्हर नावाच्या गृहस्थानं व्हीलिंगहून काही स्मॉलमाउथ रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत, भोकं पाडलेल्या बादलीत घालून मेरीलँडला नेले आणि पोटोमॅकच्या पाण्यात सोडले. नदीभर पसरायला त्यांना फार वर्षं लागली नाहीत. जपाननं 1925 मध्ये लार्जमाउथ आणला आणि आता तो तिथे कायद्यानं उपद्रवी परदेशी प्राणी ठरला आहे. आपल्या नद्या-धरणांत तिलापियानं काय केलं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा मासा महाराष्ट्रात आणायची कल्पना सुचू नये हे बरं.

आता जबड्याकडे परत येऊ, कारण सामान तिथूनच ठरतं.

लार्जमाउथ पाठलाग करणारा नव्हे, दबा धरणारा. पाणवनस्पती, कमळाची पानं, बुडालेलं झाड, धक्क्याखालची सावली अशा जागी तो थांबतो आणि भक्ष्य जवळ आलं की तोंड एकदम उघडतो. त्या उघडण्यानंच पाणी आत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर मासोळी, बेडूक, जे असेल ते. आपल्या मरळीचीही हीच तऱ्हा. बाससाठी बनलेले रबरी बेडूक भारतातले हौशी गळकरी मरळीसाठी वापरतात, ते उगीच नाही. राहणार गवतात आणि तोंड मोठं, यावरून दोन गोष्टी निघाल्या: आमिष चांगलं बोटभर लांब चालतं आणि गळाचं टोक उघडं ठेवून चालत नाही, नाहीतर दर फेकीला मासा सोडून शेवाळ वर येतं.

यावरचा उतारा म्हणजे प्लास्टिकचं गांडूळ. ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीमनं 1949 च्या सुमारास ते घरच्या घरी ओतून पाहिलं आणि या खेळाचा चेहराच बदलला. कोकणात काडू लावून गरवलेल्या माणसाला हा प्रकार लगेच कळेल. नवख्यानं पाच इंची, साधं, काठीसारखं सरळ गांडूळ घ्यावं, हिरवट किंवा काळपट रंगाचं. ते लावण्याच्या दोन पद्धती पुरतात. गवत असेल तर 'टेक्सास' पद्धत: दोरीत आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं छोटं वजन ओवायचं, मग 3/0 मापाचा, मानेशी वाकवलेला गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून आत घालून बाजूनं बाहेर काढायचं, गळ उलटा फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्याच अंगात दडवायचं. पाणी मोकळं असेल तर 'वॅकी': 1/0 चा गळ गांडुळाच्या बरोबर मध्यावर टोचायचा, वजन नाही, काही नाही. फेकायचं आणि स्वस्थ बसायचं. दोन्ही टोकं थरथरत ते खाली जातं आणि बहुतेक मासे त्या खाली जाण्यातच घेतात. हाताला झटका बसेलच असं नाही, म्हणून नजर दोरीवर हवी. ती बाजूला सरकली किंवा अवेळी ढिली पडली, की समजायचं.

स्मॉलमाउथला हे सगळं जरा कमी करून द्यायचं. तो वाहत्या, थंड, खडकाळ पाण्यातला. न्यू जर्सीकरांना डेलावेअरचा वरचा भाग यासाठी जवळचा. दगडांखालचे झिंगे हे त्याचं आवडतं खाणं, त्यामुळे तपकिरी रंगाची आखूड, पोकळ रबरी 'ट्यूब' आणि तिच्यात एक अष्टमांश औंसाचं, म्हणजे साडेतीन ग्रॅमचं वजन. ती तळाला टेकू द्यायची आणि दगडांवरून टकटक करत आणायची. आकारानं लहान असून हा मासा लार्जमाउथपेक्षा जास्त झुंजतो, असं दोन्ही पकडणारे सांगतात.

काठी आणि रीळ दोघांसाठी एकच चालते. साडेसहा ते सात फुटांची, मुठीजवळ 'मीडियम' आणि 'फास्ट' असे दोन शब्द छापलेली काठी घ्या. पहिला शब्द काठी वाकवायला किती जोर लागतो ते सांगतो, दुसरा ती कुठे वाकते ते. 'फास्ट' काठी टोकाशी वाकते, त्यामुळे गळ चटकन रुततो. रीळ 'स्पिनिंग' प्रकारचं, 2500 मापाचं, जे काठीच्या खाली लटकतं. काठीच्या वर बसणारी 'बेटकास्टर' दिसायला रुबाबदार, पण नवख्याच्या हातात तिचं चाक दोरीपेक्षा जास्त वेगानं फिरतं आणि पुढचा तास गुंता सोडवण्यात जातो. लहान मुलांसाठी बटण दाबून सोडायचं बंद रीळ उत्तम. ते लोकप्रिय करणाऱ्या झेबको कंपनीचं मूळ नाव 'झीरो अवर बॉम्ब कंपनी', कारण तुळसा गावची ही मंडळी आधी तेलविहिरींसाठी वेळ लावलेले स्फोटक गोळे बनवत. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना भेट पाठवलेलं रीळ सुरक्षारक्षकांनी पाकिटावरचं नाव वाचून पाण्यात बुडवलं आणि म्हणून नाव बदललं, अशी कथा सांगतात.

दोरी म्हणजे साधी नायलॉनची तंगूस, 8 ते 10 पौंड ताकदीची. तिला ताण पडला की ती थोडी लांबते आणि शिकाऊ हाताचे हिसके पोटात घालते. गाठ आवळण्याआधी ती थुंकीनं ओली करावी, कारण कोरडी नायलॉन घासून तापते आणि तिथेच तुटते. दहा पौंडांच्या दोरीवर त्याहून वजनदार मासाही येतो, तो रिळाच्या 'ड्रॅग'मुळे. मासा जोरात ओढेल तेव्हा दोरी तुटण्याऐवजी सुटत जावी, अशी ती चकती असते. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश ओढीला ती सुटेल इतकीच घट्ट ठेवा. याशिवाय लांब चोचीची पक्कड घ्या, मोजपट्टी घ्या आणि वजनं शिशाऐवजी टंगस्टनची किंवा पोलादाची घेता आली तर तीच घ्या. शिशाचे तुकडे गिळून लून पक्षी मरतात, म्हणून ईशान्येकडच्या काही राज्यांत शिशाच्या छोट्या वजनांवर बंदी आहे. सगळं मिळून शंभर डॉलरांच्या आत बसायला हरकत नाही. जॉर्जियात जॉर्ज पेरी या शेतकरी तरुणानं 2 जून 1932 रोजी 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंचा लार्जमाउथ काढला, तेव्हा त्याच्याजवळ एकच आमिष होतं म्हणतात. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला 2009 उजाडावं लागलं, तीही जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरितानं केली.

मासा हातात आला की हात आधी ओले करा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघत नाही. खालच्या ओठाला अंगठा आणि बोटांनी धरायचं. बासचे दात कानशीसारखे खरखरीत असतात, चावत नाहीत. मोठा मासा नुसता जबड्यानं आडवा लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या.

परवान्याचं पाण्यावर जाण्याआधीच बघा. न्यू जर्सीत सोळा वर्षांखाली परवाना लागत नाही. सत्तरीच्या वरच्या रहिवाशांनाही नाही, पण ही सवलत रहिवाशांची. पाहुणे आलेल्या आजोबांना बाहेरच्यांसाठीचा परवाना काढावा लागतो, तो थोड्या दिवसांचाही मिळतो. वसंतात नर उथळ पाण्यात शेपटीनं झाडून गोल घरटं करतो आणि अंड्यांवर पहारा देतो. त्याला उचलला की अंडी ब्लूगिलच्या पोटात जातात. म्हणून 15 एप्रिल ते 15 जून या काळात न्यू जर्सीत बास पकडला तरी तिथल्या तिथे सोडायचा. एरवीही लांबीची आणि संख्येची मर्यादा आहे, ती त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघावी.

आणि आपला हमखास प्रश्न: खातात का? खातात. पेरीच्या घरच्यांनी तो विक्रमी मासा खाऊन टाकला होता. पण 1972 पासून रे स्कॉट यांच्या स्पर्धांनी 'पकडा आणि सोडा'ची सवय लावली आणि आज बहुतेक गळकरी बास परत सोडतात. त्याहून सबळ कारण पाऱ्याचं आहे. बास दुसऱ्या माशांवर जगतो, वयानं वाढत जातो, तसा पारा त्याच्या अंगात साठत जातो. कुठल्या तळ्यातला मासा महिन्यातून किती वेळा खावा याचा सल्ला राज्याचा पर्यावरण विभाग प्रसिद्ध करतो आणि गरोदर बायका व लहान मुलांसाठी तो बराच कडक असतो. तव्यावर रवा लावून तळायलाच हवं असेल, तर त्याच तळ्यातले ब्लूगिल आणि यलो पर्च बरे. ते लहान असतात आणि पारा त्यांच्यात सहसा कमी असतो. काठी तीच चालते, फक्त गळ सहा किंवा आठ नंबरचा बारीक लावायचा, त्यावर खरं गांडूळ, आणि वर तरंगता बॉबर.