पोटातलं राजकारण: दोन शतकांचा मागोवा

पोट बिघडलं की मन चिडचिडं होतं आणि परीक्षेच्या सकाळी पोट ढवळतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण पोटात डोकावून त्याची नोंद केली ती अमेरिकेतल्या एका लष्करी डॉक्टरने. ६ जून १८२२ रोजी मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, मात्र जठराचं भोक काही बुजलं नाही. डॉ. विल्यम बोमाँट रेशमी दोऱ्याला गोमांसाचे, कोबीचे तुकडे बांधून त्यातून आत सोडायचे आणि थोड्या वेळाने ओढून बघायचे. सेंट मार्टिन संतापला की पचन बिघडतं, हे त्यांनी टिपून ठेवलं. (संतापायला कारणंही भरपूर होती म्हणा!) १८८० मध्ये तो वारला, तेव्हा डॉक्टरांच्या हाती लागू नये म्हणून घरच्यांनी प्रेत मुद्दाम कुजू दिलं आणि मगच पुरलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये एली मेचनिकॉफ यांनी बल्गेरियन शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचं श्रेय आंबट दह्याला दिलं. त्याच सुमारास लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठाचं विष अंगात भिनतं म्हणून रोग्यांचं मोठं आतडंच काढून टाकत होते. पुढे वारं फिरलं. अल्सर म्हणजे टेन्शन, असं ठरून गेलं. १९८४ मध्ये पर्थच्या बॅरी मार्शल यांनी जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, तेव्हा कुठे त्या समजाला तडा गेला. २००५ चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं.

मनाकडे परतीचा रस्ता २००४ मध्ये जपानमधून निघाला. जंतूंविना वाढवलेले उंदीर ताणाखाली प्रमाणाबाहेर बिथरतात आणि लहानपणीच एक विशिष्ट जिवाणू दिला तर सावरतात, असं नोबुयुकी सुडो यांच्या गटाला आढळलं. इथून आतडं-मेंदू संवादाच्या संशोधनाला जोर आला, आणि बाजारालाही. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, हे जाहिराती सांगतात. ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, हे गाळतात. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हेही.

डाळी, भाकरी, पालेभाज्यांतला चोथा आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न आहे. तो जरूर खा, वर ताक प्या. पण प्रोबायोटिकच्या भरवशावर नैराश्याच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.