पोराच्या शौचातून रक्त पडतंय आणि डॉक्टर 'ट्रायल' म्हणतात. सही करण्याआधी हे वाचा

मलकापूर (ता. कराड) : लेकराला जुलाब लागले, शौचातून रक्त पडलं की गावाकडं पहिला शब्द येतो 'आव'. थोड्या मोठ्या पोराला मूळव्याध झाली म्हणतात. पण हाच त्रास आठवडेच्या आठवडे चालला, पोटात कळ येत राहिली, वजन उतरलं, उंची वाढायची थांबली, तर तो 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' असू शकतो. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन जखमा होतात. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

दुर्बीण आत घालून तपासणी केली आणि आतड्याचा बारीक तुकडा तपासला की निदान होतं. आपल्याकडं आतड्याचा टीबीही आढळतो, म्हणून तोही तपासावा लागतो. पुढं औषधं बराच काळ चालतात. मेसालामाइन, सूज भडकली तर स्टेरॉइड. स्टेरॉइड जास्त दिवस चाललं तर पोराची वाढ खुंटते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून नव्या औषधांची गरज आहे.

अडचण इथंच आहे. औषध आधी मोठ्यांवर तपासलं जातं, पोरांची पाळी नंतर येते. इन्फ्लिक्सिमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत मोठ्यांच्या या आजारासाठी २००५ मध्ये मंजुरी मिळाली, ६ वर्षांवरच्या मुलांसाठी २०११ मध्ये. मुलांवरची ती चाचणी अवघ्या ६० जणांवर झाली होती. आठव्या आठवड्यात त्यातल्या सुमारे ७३ टक्के मुलांना फरक पडला. चाचणी झालीच नाही, तर मुलाला किती डोस द्यायचा हे डॉक्टरला अंदाजानंच ठरवावं लागतं.

मग लोक घाबरतात का? कारण आहे. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा अभ्यास झाला. वसतिगृहातल्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रावर आईबापाऐवजी वॉर्डननं सह्या केल्या होत्या. २०१० मध्ये काम थांबवलं गेलं, संसदीय समितीनं २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले.

आता २०१९ चे नवे औषध व क्लिनिकल चाचणी नियम लागू आहेत. त्यानुसार आईबाप किंवा कायदेशीर पालकाची लेखी संमती लागते. पालकाला वाचता येत नसेल, तर त्रयस्थ साक्षीदार हजर पाहिजे. समजायच्या वयाच्या पोराचाही होकार घ्यावा लागतो; आयसीएमआरच्या मार्गदर्शनानुसार ७ ते १२ वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढं १८ पर्यंत लेखी. चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते. या समितीत किमान ७ सदस्य असतात आणि त्यात एक सामान्य माणूस असतो. चाचणीमुळं इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई मिळते.

मलकापूरच्या कृष्णा रुग्णालयासारख्या मोठ्या दवाखान्यात कराड, पाटण, शिराळा भागातून लोक येतात. असा दवाखाना कुठलाही असो, ट्रायलचं नाव निघालं की हे विचारा :

१. पोराला नवं औषध मिळणार की नुसतं दिसायला तसं, बिनऔषधाचं? आजार भडकला तर काय करणार?
२. सध्याचं औषध बंद होणार का?
३. रक्त, दुर्बीण तपासणी किती वेळा? येण्याजाण्याचा खर्च कोण देणार?
४. चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का?
५. सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय?

हा क्रमांक मोबाइलवर टाकला की चाचणीची माहिती फुकट बघता येते. २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे.

कागद मराठीत मागा, घरी न्या, शिकलेल्या नातेवाइकाला दाखवा. 'आत्ताच सही करा' म्हटलं तर थांबा. सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार त्यामुळं तुटत नाहीत. आणि चाचणीत जा किंवा नका जाऊ, चालू औषध मनानं बंद करू नका. रक्त पडायचं थांबलं म्हणजे आजार गेला असं नसतं.