उंदीर पकडा, पण फास लावू नका



ऊस लोळला, पाचट दाटले की उंदीर-घुशी बुडख्याला दात लावतात. कुरतडलेला ऊस वाळतो, वजन घटते. आम्ही गटात फिरतो तेव्हा दिसते, पुष्कळजण पहिल्याच रात्री सापळा ताणतात आणि उंदीर बुजतात.

आधी संध्याकाळी बांधावरची सगळी बिळे मातीने बुजवा. सकाळी उकरलेली दिसतील ती चालू. त्यांच्या वाटेवर सापळे मांडा. दोन-तीन रात्री न ताणता भजी किंवा तेल लावलेली भाकरी नुसती खाऊ द्या, मग ताणा. शेजाऱ्यांनीही त्याच दिवशी मांडावेत, नाहीतर त्यांचे उंदीर तुमच्या फडात येतील.

रानडुकराची गोष्ट वेगळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. परवानगीवाचून फास लावणे किंवा कुंपणात वीज सोडणे हा गुन्हा आहे. फासाला डुक्कर, बिबट्या की आपलाच कुत्रा हे कळत नाही. विजेच्या तारेने रात्री दारे धरायला गेलेला माणूसही जातो. नुकसान झाले तर ऊस तसाच ठेवा, वनखात्याला लगेच कळवा, पंचनामा करून भरपाई मागा.

सापळे मांडायची रीत पाहायची असेल तर गट ऑफिसात सांगा, आम्ही फडावर येऊ.