पुढचा ब्रेक निघत नाही तेव्हा : जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांविषयीचे काही समज

आंबोली आणि चोर्ला घाटांच्या पावसात किंवा निपाणी-संकेश्वर पट्ट्यातील उसाच्या चिखलवाटांवर वापरल्या जाणाऱ्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या, म्हणजे ज्यांत इंजिनाची शक्ती चारही चाकांना देता येते अशी वाहने, अनेक प्रकारची आहेत. त्यांत महिंद्राच्या जुन्या जीप येतात, १९८५ मध्ये बाजारात आलेली मारुती जिप्सी येते आणि जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसानच्या नमुन्यावर लष्करासाठी बनलेली जोंगा व वन-टन ट्रकही येतात. यांचे पुढचे ब्रेक उघडताना ड्रम, डिस्क किंवा कॅलिपर जागचा हलत नाही ही तक्रार जुनी आहे, आणि ‘गंजलंय, घण आणा’ हा तिच्यावरचा उपायही तितकाच जुना. भाग गंजानेच धरला आहे आणि पुरेसा जोर लावला की तो सुटेल, असे या उपायात गृहीत धरलेले असते. वस्तुतः गंज हे अनेक कारणांपैकी एकच कारण असून, ज्या कारणाने भाग अडकला आहे ते ओळखल्याशिवाय लावलेला जोर बहुधा दुसऱ्याच, धडधाकट भागावर जाऊन पडतो.

पहिला गैरसमज तपासणीतच होतो. पुढचे एक चाक जॅकवर उचलले आणि ते हाताने फिरले नाही, की ब्रेक जाम असल्याचे निदान केले जाते. परंतु ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या व मागच्या ॲक्सलकडे शक्ती वाटणाऱ्या पेटीचा दांडा फोर-व्हीलमध्ये राहिला असेल, तर उचललेले चाक जमिनीवरच्या इतर चाकांशी दात्यांनी जोडलेले असते आणि ब्रेक पूर्ण मोकळा असूनही ते फिरत नाही. दांडा टू-व्हीलवर आणून, आणि पुढच्या हबवर लॉक असतील तर तेही सोडून, चाक पुन्हा फिरवून पाहावे.

चाकाच्या नटांबाबतही असेच होते. विलीसच्या नमुन्यावरील जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांच्या स्टडना उलटे आटे असत आणि अशा स्टडच्या टोकावर बहुधा ‘एल’ हे अक्षर कोरलेले असे. हे ठाऊक नसलेला माणूस नट सोडायचा म्हणून आवळत राहतो, पान्याला पाइप लावून आणखी जोर करतो आणि शेवटी स्टड मोडल्यावर दोष गंजाला देतो.

ड्रम ब्रेकच्या बाबतीत खरी मेख आत असते. ड्रमचा जो पट्टा लायनरने घासला जातो तो वर्षांनुवर्षे झिजून खोल होतो, तर आतल्या काठाशी न घासलेली कड तशीच उभी राहते. ड्रम बाहेर ओढला की ती कड ब्रेक शूच्या पाठीवर अडते आणि पुढे येत नाही. अशा वेळी ड्रमला पंजा पुलर लावणे म्हणजे शूंना जागेवर धरणाऱ्या खिळ्या आणि स्प्रिंगा ओरबाडून काढणे होय. मागच्या पत्र्यावर, ज्याला बॅकिंग प्लेट म्हणतात, बाहेर आलेले ॲडजस्टरचे बोल्ट सैल करून शू आत घेतले, की तोच ड्रम दोन्ही हातांनी निघतो. शिवाय काही जुन्या जीपमध्ये पुढचा ड्रम हबशी जखडलेला असतो, आणि काही डिस्क हबला मागच्या बाजूने बोल्टने बसवलेल्या असतात; तेथे आधी मधली टोपी, लॉक वायसर आणि बेअरिंगचे नट काढून अख्खा हबच बाहेर घ्यावा लागतो. साध्या मोटारीत डिस्क जशी समोरून सरकते तशी येथेही सरकेल, ही अपेक्षाच चुकीची ठरते.

अर्थात गंजाने धरलेले भागही असतात. लोखंडापासून तयार झालेला गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे हबचा मधला उंचवटा आणि त्यावर बसलेले डिस्कचे छिद्र यांमधली केसाएवढी फट तो गच्च भरून टाकतो. घणाचा सरळ घाव येथे दोन तऱ्हांनी नडतो : ओतीव लोखंड ठिसूळ असल्याने तडकते, आणि धक्का बेअरिंगच्या गोट्यांपर्यंत पोहोचून त्यांच्या कड्यांवर खड्डे पाडतो. अनेक डिस्क आणि ड्रमवर आटे पाडलेली दोन छिद्रे असतात, ती याच कामासाठी. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळले की भाग समान जोराने बाहेर ढकलला जातो. छिद्रांत गच्च माती भरलेली असल्याने ती बऱ्याचदा दिसतच नाहीत.

गॅसने भाग लालबुंद केल्याशिवाय सुटत नाही, हाही असाच एक समज. ओतीव लोखंडाचे १०० मिलिमीटर व्यासाचे छिद्र १०० अंश सेल्सिअसने तापले तर साधारण ०.११ मिलिमीटरने मोठे होते, आणि गंजाची पकड तोडायला तेवढे पुष्कळदा पुरते. याउलट लाल होईपर्यंत तापवल्यास हबमधले ग्रीस जळते आणि ऑइल सील वितळते. ब्रेक क्लीनरच्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावक असतो. तो ओला असताना ज्योत लागली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ड्रम निघाल्यावर आतली धूळ हवेच्या नळीने उडवण्याची सवयही घातकच आहे; ती पाण्याने ओली करून पुसून घ्यावी.

डिझेल ओतून रात्रभर ठेवण्याचा उपाय बाहेरच्या बोल्टपुरता ठीक, पण ब्रेकच्या आत मुळीच नको. खनिज तेल लागले की ब्रेक ऑइलसाठी बनवलेले रबरी कप फुगतात, आणि लायनरने ते शोषले तर लायनर टाकून द्यावे लागते.

कॅलिपरमधला चिकटलेला पिस्टन हवेच्या दाबाने काढताना तो गोळीसारखा सुटून बोटे चिरडू शकतो. त्याऐवजी कॅलिपर नळीला जोडलेला असतानाच समोर लाकडाचा ठोकळा धरून ब्रेकचे पेडल हळूहळू दाबले, की तेलाच्या दाबानेच पिस्टन बाहेर येतो. पिस्टन जाम होण्याचे मूळही बहुधा तेलातच असते : नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, आणि डॉट ३ प्रतीच्या तेलाचा किमान उकळबिंदू नव्या स्थितीत २०५ अंश असला तरी ओल शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. तीच ओल पिस्टनला आतून गंजवते.

सुटलेल्या भागांवरचा गंज काढण्यासाठी तीव्र आम्लच हवे असेही नाही. साखर कारखान्यांच्या या मुलुखात ओळखीची असलेली मळी सुमारे नऊ-दहापट पाण्यात कालवून त्यात लोखंडी भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवला, तर चांगला धातू फारसा न खाता गंज सुटतो. मात्र मळीवर अबकारी खात्याचे नियंत्रण असते, द्रावणाला उग्र वास सुटतो आणि ॲल्युमिनियमचे भाग त्यात खराब होतात, म्हणून चुंबक न चिकटणारा भाग त्या पिंपात टाकू नये.